वर्षाला फूटभर

माझ्या नवऱ्याला, क्लिफला, मेंदूचा झटका आला त्याला चौदा महिने झाले होते, आणि त्या चौदा महिन्यांत मी स्वयंपाकघराची खिडकी फारशी सोडली नव्हती. सिंकपुढे उभं राहिलं की आमचं सगळं परस दिसतं. गवताचा पट्टा, टोकाला काचघर, त्याच्या अलीकडे बाक. क्लिफ वॉकर घेऊन बाकापासून काचघरापर्यंत जायचा, परत यायचा, टेकायचा, पुन्हा उठायचा. मी बटाटे सोलत त्याच्याकडे बघायचे. बटाटे नसले तर धुतलेले कप पुन्हा धुवायचे.

भीती वाटायची, दुसरं काय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुसरा झटका येऊ शकतो, लक्ष ठेवा. चेहरा वाकडा होतो का, हात वर राहतो का, बोलणं जड होतं का. आता क्लिफचा चेहरा आधीच डावीकडे उतरलेला, डाव्या हातात आधीच जोर नाही, आणि बोलणं म्हणाल तर एकेक शब्द जमिनीतून खणून काढल्यासारखा. मग मी लक्ष नेमकं कशावर ठेवायचं? म्हणून सगळ्यावरच ठेवायचे. जानेवारीत तो गवतावर पडला तेव्हा साबणाच्या हातांनी धावत गेले होते. त्यानंतर तर बाथरूमला जायचं असलं तरी आधी खिडकीतून एकदा बघून मगच जायचे.

"हवालदारीणबाई," तो म्हणायचा. हा एक शब्द मात्र त्याच्या तोंडून कधी अडखळला नाही.

कुंपणाचा विषय त्यानेच काढला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा संध्याकाळी चहाच्या वेळी बशीवरून मान वर करून म्हणाला, "कुंपण... हवं. झाडांचं."

मला इतका आनंद झाला! चौदा महिन्यांत या माणसाने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मी लगेच रोपवाटिकेचं पुस्तक काढलं.

"पानगळीचं... नको," तो म्हणाला. "बारा महिने... हिरवं. आडोसा हवा. खिडकी..."

"कळलं, कळलं. त्या रॉडनीची खिडकी ना? माझ्याही डोक्यात तेच होतं."

रॉडनी पिकर्सगिल आमचा शेजारी. त्याने मागच्या उन्हाळ्यात माळ्यावर खोली काढली आणि तिची खिडकी थेट आमच्या परसावर उघडली. क्लिफ म्हणजे आमच्या ओटली गावात एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. रोज आठ मैल पायी, पाठीवर थैली, कुणाच्या कुत्र्याला न घाबरणारा. त्याने पाय ओढत चालायचं आणि वरून रॉडनीने कॉफी पीत बघायचं, हे मला सहन होत नव्हतं. क्लिफलाही होत नसणार, असं मी धरून चालले. त्याने आणखी काही सांगायला उजवा हात उचलला होता. त्या हातात मी चहाचा कप दिला.

रॉडनीच्या बाजूला चेरी लॉरेलची जुनी रांग होतीच. पण ती म्हातारी झालेली, बुडाशी उघडीबोडकी, वर नुसता पसारा. ती काढायची आणि तिथे वर्षाला तीन-तीन फूट वाढणारं काहीतरी लावायचं, असं मी ठरवून टाकलं. काढायचं तर फेब्रुवारी संपायच्या आत काढायला हवं होतं, पक्षी घरटी बांधायला लागले की आमच्याकडे कुंपणाला हात लावत नाहीत. क्लिफने पुस्तकातली चित्रं बघितली, मान हलवली आणि पुस्तक मिटलं. मला वाटलं, दमला.

लॉरेल कापायला रॉडनीच आला. फांद्या भरडायचं यंत्रही त्याचंच.

"वा!" तो म्हणाला. "माझ्यापासून लपायला माझंच यंत्र, माझीच कंबर. एव्हरिल, चहा तरी तुझा आहे ना?"

"बिस्किटंही देते. तोंड बंद ठेवलंस तर दोन."

सकाळभर यंत्र घरघरत होतं. रॉडनी फांद्या सारत होता, मी पोती धरत होते, क्लिफ बाकावरून बघत होता. नऊ पोती भरली, ओल्या हिरव्या भरड्याची. मागची सीट पाडून ती मी गाडीत कोंबली. कचरा डेपोत जायची वेळ आधीपासून ठरवून घ्यावी लागते. आमची अकरा वीसची होती, ती चुकली की पुढची आठवड्याने.

"क्लिफला माझ्याकडे सोड," रॉडनी म्हणाला. "तासाभराचं तर काम आहे."

"तुझ्याकडे? तू टीव्हीपुढे बसल्या बसल्या घोरतोस. तो पडला तर तुला उद्या कळेल."

"मी... थांबतो," क्लिफ म्हणाला. "इथे. एकटा."

"काही नको एकटा," मी म्हटलं आणि त्याला कोट चढवला. त्याला नजरेआड ठेवायची माझी छातीच नव्हती. म्हणून मी त्याला गाडीत बसवलं. हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. मला भीती वाटत होती, म्हणून मी त्याला त्या गाडीत बसवलं.

बाहेर बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला होता. क्लिफला थंडी लगेच लागते, म्हणून मी काचा घट्ट लावून हीटर पुरा सोडला. डेपोच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली. एका माणसाची गाद्यांनी भरलेली गाडी फाटकातच अडकली होती आणि पिवळ्या जाकिटातला कामगार त्याच्याशी हुज्जत घालत होता. आमच्यापुढचा ट्रक धूर ओकत होता. क्लिफ खोकला, तशी मी बाहेरची हवा आत घ्यायचं बटण बंद केलं. वीस मिनिटं गेली. पंचवीस गेली.

"बदाम," क्लिफ म्हणाला.

"काय?"

"बदामाचा... वास. केक. ख्रिसमसचा."

मी सीटवरच त्याच्याकडे वळले.

माझं नाक कोरोनात गेलं ते गेलंच. करपलेलं, नासलेलं, अत्तर, मला काही कळत नाही. पण गाडीत केक नव्हता, हे कळायला नाक कशाला हवं? आणि नसलेला वास यायला लागला म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. करपलेल्या टोस्टचा वास आला आणि घरात टोस्ट नसला, तर समजायचं की डोक्यात रक्ताची गाठ. केस कापायला गेलं की तिथल्या बायका हे दर महिन्याला एकमेकींना सांगतात. अमक्याच्या सासऱ्याला असाच वास आला, आणि तासाभरात खेळ खलास.

"क्लिफ, हस. माझ्याकडे बघ आणि हस."

तो हसला नाही. चौदा महिन्यांत मी त्याला इतक्या वेळा हसायला लावलं होतं की त्याला त्याचा वीट आला होता.

"हात वर कर. दोन्ही!"

"एव्हरिल... बदाम. खरंच."

डोळे तांबारलेले, चेहऱ्यावर लाली. मान सीटवर टाकलेली. आला, मी मनात म्हटलं. आला दुसरा. रांगेतून गाडी बाहेर काढताना मी कुणाचा तरी आरसा घासला, मागून भोंगे वाजले. ऍम्ब्युलन्सला फोन करायचा विचार मनात येऊन गेला. पण मागच्या वेळी तिची वाट बघत मी जमिनीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ती मिनिटं मला अजून झोपेत मोजावी लागतात. हॉस्पिटल बारा मैलांवर. मी टेकडीवरचा आडरस्ता धरला, दोन्हीकडे दगडी भिंती, पलीकडे मेंढ्या, मधे जेमतेम एक गाडी मावेल इतकी वाट.

"बोलत राहा," मी ओरडत होते. "क्लिफ, माझ्याशी बोल. टपालाचे रस्ते सांग. बरो गेटपासून सुरुवात कर."

"काच," तो म्हणाला.

"काय?"

"काच... उघड."

"वेडा आहेस का? या पावसात? न्यूमोनिया व्हायचाय?"

त्याचा उजवा हात दारावर काहीतरी चाचपत होता. काच दोन बोटं खाली आली, गारठा आत घुसला. मी माझ्या बाजूच्या बटणाने ती वर घेतली आणि लहान पोरांसाठी असतं ते कुलूप दाबून टाकलं. तो बटण दाबत राहिला. काच हलेना. मग त्याने तळव्याने काचेवर थाप मारली. एकदा, दोनदा. तिसरी थाप अगदी हलकी होती.

"गप्प बस रे राजा, दहा मिनिटं," मी म्हटलं. मी रडत होते. माझं डोकं फुटायला आलं होतं, मला वाटलं रडण्याने. छाती धापत होती, मला वाटलं भीतीने. भीतीने मला याआधीही काय काय झालं होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. मग हातांना मुंग्या आल्या. स्टिअरिंग कुणा दुसऱ्याच बाईच्या हातात असल्यासारखं दिसायला लागलं. वळणावर पाटी आली, रोज वाचलेली पाटी, आणि तिची अक्षरं जागेवर राहीनात. क्लिफची मान आता खिडकीकडे कलंडली होती आणि तो थापा मारत नव्हता.

त्या पाटीपाशी माझ्या मनात एकच विचार आला, आणि तो अगदी रागाने आला. दोघांना? एकाच वेळी? झटका काय साथीचा आहे?

मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक भिंतीला घासून ती थांबली. चारही काचा खाली केल्या, दार लाथेने उघडलं, बाहेर पडले ती चिखलात गुडघ्यांवरच. तशीच गाडीला धरून पलीकडे गेले. क्लिफ अंगाने माझ्या दीडपट. त्याला कसा ओढला, मला सांगता येणार नाही. काखेत हात घातले आणि ओढला. आम्ही दोघंही रस्त्याकडेच्या गवतात पडलो, तो माझ्या अंगावर. वरून बर्फाचं पाणी तोंडावर पडत होतं.

"क्लिफ," मी म्हणत होते, "क्लिफ, हसू नकोस, हात वर करू नकोस, काही करू नकोस, नुसता श्वास घे."

तो श्वास घेत होता. उथळ, घाईघाईचा. मी त्याच्या छातीवर हात ठेवून तो मोजत होते आणि दर खेपेला मला वाटत होतं की हा शेवटचा.

मेंढ्यांचा ट्रेलर घेऊन एक बाई मागून आली, तिनेच फोन केला. ऍम्ब्युलन्समधून उतरलेली पोरगी जेमतेम पंचविशीची असेल. तिने क्लिफच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, मग माझ्या, मग गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकावली.

"पोती कसली आहेत, काकू?"

"लॉरेल," मी म्हटलं. "आज सकाळी भरडलेलं."

ती दोन पावलं मागे सरली. सोबतच्या माणसाला म्हणाली, गाडीजवळ कुणी जाऊ नका.

"काकू, हे झाड चिरडलं की त्यातून सायनाइड सुटतं. उघड्यावर वाऱ्याने उडून जातं, काही होत नाही. पण बंद गाडीत, इतकी पोती, वर हीटर... तुम्हाला बदामासारखा वास नाही आला?"

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "त्याला आला होता."

"मग त्यांनी सांगितलं नाही?"

काय सांगणार? सांगितलं होतं. काच उघड, असंही सांगितलं होतं. आणि मी ती काच माझ्या हाताने बंद केली होती.

हॉस्पिटलात आम्हाला दिवसभर ठेवून घेतलं. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. झटका आलेला नव्हता. संध्याकाळी मला सोडलं तेव्हा मी त्याच्या खाटेशी जाऊन बसले. तो डोळे मिटून होता आणि मी त्याच्या छातीकडे बघत होते, वर जाते का, खाली येते का.

"बघू... नकोस," तो डोळे न उघडता म्हणाला.

"बघत नाहीये."

"कळतं. मला... नेहमी कळतं."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वाहनतळ होता. "क्लिफ, चुकलं माझं," मी म्हटलं. "तू म्हणालास बदाम आणि मी..."

"कुंपण," तो म्हणाला.

"मरू दे ते कुंपण! त्याचं नाव काढू नकोस. रॉडनी बघतोय तर बघू दे."

"रॉडनी..." त्याने डोळे उघडले. पुढचा शब्द येईना. त्याचा जबडा हलत होता. माझ्या तोंडाशी तीन शब्द आले होते, तिन्ही मी गिळले. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचा चहा येऊन गेला, तरी मी गप्प.

"रॉडनी नाही," तो शेवटी म्हणाला. "तू."

"मी काय?"

"तुझी... खिडकी. सिंकची. तिच्यासमोर... हवं. कुंपण."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि थोबाडीत बसल्यासारखं झालं. चौदा महिने मी जिवाचा आटापिटा केला होता, रात्र रात्र त्याचा श्वास ऐकत पडले होते, आणि या माणसाला बारा महिने हिरवा आडोसा हवा होता तो माझ्यापासून!

"म्हणून पानगळीचं नको म्हणालास," मी म्हटलं. "हिवाळ्यात मी पुन्हा दिसेन म्हणून."

त्याने मान हलवली. लाज वाटलेली दिसत होती, पण मागे घेतलं नाही.

"आणि पडलास तर? तिथे कुंपणामागे पडलास, आणि मी इकडे कप विसळत असले तर?"

"पडेन," तो म्हणाला. "उठेन. नाहीतर... हाक मारेन." मग जरा थांबून, "तू बघतेस... म्हणून पडतो."

मी उठून बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडले, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा रागाने जास्त रडले. त्याला मोकळं सोडायचं, ही नुसती कल्पनाही मला पेलत नव्हती. गाडीत जीव घाबरा झाला होता, पण तिथे निदान तो माझ्या शेजारी होता. परत आत गेले तेव्हा तो झोपला होता. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. तेवढंच त्या दिवशी मला जमलं.

मार्चअखेर आम्ही रोपवाटिकेत गेलो. तिथली बाई क्लिफला ओळखत होती, तिच्या आईकडे तो टपाल टाकायचा.

"परसात आडोसा हवाय ना? मग चेरी लॉरेल न्या, झपाट्याने..."

"नको!" मी इतक्या जोराने म्हटलं की दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं.

तिने होली दाखवली, ती टोचते. लेलँडी दाखवली, ती तीन वर्षांत छपराला लागते. क्लिफ वॉकर सरकवत रोपांमधून एकटाच पुढे गेला आणि एका ओळीपाशी थांबला. काळपट हिरवी, बारीक सुयांसारखी पानं, उंची जेमतेम वीतभर.

"यू," तो म्हणाला.

यू हा वृक्ष आमच्याकडे चर्चच्या आवारात वाढतो, थडग्यांच्या मधे. "हेही विषारीच ना गं?" मी त्या बाईला विचारलं.

"खाऊ नका म्हणजे झालं," ती म्हणाली. "कापलेलं गाडीतून नेलं तरी काही होत नाही. पण सांगून ठेवते, सावकाश वाढतो. वर्षाला फूटभर, तेही मनात आलं तर. माणूस झाकायला सहा वर्षं धरा."

"ऐकलंस?" मी क्लिफला म्हटलं. "सहा वर्षं. तोवर मी तुला सिंकपुढून रोज बघणार. मग उपयोग काय याचा? ती लेलँडी घे, तीन वर्षांत सुटशील माझ्या तावडीतून."

तो वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभा होता. शब्द जुळवत होता. मी थांबले.

"बघ," तो म्हणाला. "पण दर वर्षी... फूटभर कमी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. चौदा-पंधरा महिने आमच्या घरात पुढच्या आठवड्यापलीकडे कुणी काही बोललं नव्हतं. डॉक्टर नाही, मी तर नाहीच. आणि हा माणूस थडग्यांमधलं झाड समोर ठेवून सहा वर्षांचा हिशेब सांगत होता.

रोपं रॉडनीने लावून दिली, सिंकच्या खिडकीसमोर, बाकाच्या अलीकडे, एका ओळीत चौदा. "म्हणजे माझ्यापासून लपायचंच नव्हतं?" तो म्हणाला, आणि जरा हिरमुसलाच.

आता हे दुसरं वर्ष. मी अजून सिंकपुढे उभी राहते, बटाटे अजून गरजेपेक्षा जास्त सोलले जातात. क्लिफ बाकापासून काचघरापर्यंत जातो, परत येतो. कंबर दिसते, वाकलेले खांदे दिसतात, टोपी दिसते. गुडघ्यांखालचं काही दिसत नाही. पाय कसा पडतोय, मला कळत नाही.